बडी बेगमचं नाव काय?

माझा धाकटा भाऊ तारकर्लीला राहतो. सीझनमध्ये पर्यटकांना होडीत घालून डॉल्फिन दाखवायला आणि देवबागच्या संगमाकडे नेतो, पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवतो आणि जाळी दुरुस्त करत बसतो. डिसेंबरात चार दिवस मी त्याच्याकडे होते. संध्याकाळी अंगणात त्याची मुलगी, आठवीतली, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत येरझाऱ्या घालत होती. हात पुढे, भुवया वर, आवाज जाड. "है कोई, जो उस शिवाजी को जिंदा या मुर्दा हमारे सामने पेश करे?"

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बारा मिनिटांचं नाटक, प्रतापगडचा प्रसंग. तिला बडी बेगमचं काम मिळालं होतं. एकूण चार वाक्यं, त्यातली दोन हिंदीत. मी म्हटलं, छान करतेस. ती थांबली आणि म्हणाली, "फुपू, मला जिजाऊ करायची होती. सगळ्यांत स्पष्ट मराठी माझं आहे, बाईच म्हणतात. मग बेगम मीच का?"

तिच्या आईने उत्तर दिलं नाही. शेजारच्या काकी वाळत घातलेले सुके बांगडे गोळा करायला आल्या होत्या, त्या हसत म्हणाल्या, "गे, ह्या काम तुकाच शोभतला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या भाचीला त्यांनी कडेवर खेळवलं आहे. बाईंच्या मनातही नसणार. त्या म्हणाल्या होत्या, तुझ्याकडे तसला ड्रेस असेल ना घरी. आमच्या घरी तसला ड्रेस कधीच नव्हता. माझी आजी आयुष्यभर सुती साडी नेसली आणि पदर डोक्यावर घेऊन मासळी विकायला बसली. गंमत म्हणजे अफजलखानाचं काम वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला दिलं होतं. तो घाडी आहे की परब, कुणी विचारलं नाही. खानासाठी उंची पुरली. बेगमेसाठी मात्र मुलगी आमच्या घरातलीच लागली.

त्या रात्री भाची झोपायच्या आधी माझ्याजवळ आली. "तिचं खरं नाव काय होतं? बेगम हे काय नाव आहे?"

मी अठरा वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अफजलखानाचा वध किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही. सय्यद बंडा शिकवला, जिवा महाला शिकवला, कृष्णाजी भास्कर शिकवला. मोहिमेचा हुकूम देणाऱ्या बाईला काही नाव असेल, हे एकाही मुलाने मला विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तेव्हा हा लेख टीव्हीवाल्यांवर रागावून लिहीत असले तरी रागाचा पहिला वाटा माझ्या पदरात आहे.

ही बाई टीव्हीवर दिसते कशी, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २००८ साली स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ लागायची तेव्हा आमच्या घरी जेवणं आधी उरकत. मी ती मालिका मनापासून पाहिली, आजही मला तिच्याबद्दल प्रेम आहे. त्यानंतर शिवकाळावर मालिका आणि सिनेमे येत राहिले, आणि विजापूरचा दरबार आला की पडद्याचा रंग बदलतो हे आता लहान पोरांनाही पाठ झालं आहे. रायगड-राजगडावर ऊन असतं, विजापुरात कायम रात्र. इकडे तुळशीवृंदावन, तिकडे झुंबर आणि धूर. बेगमेच्या डोळ्यांत भरपूर काजळ, बोटांत अंगठ्या, कपाळावर आठ्या. ती येते, ओरडते, तबक पुढे करते, खान विडा उचलतो, आणि बाई जी जाते ती खान मेल्याची बातमी ऐकून किंचाळायलाच परत येते. ती कोणाची मुलगी, राज्य तिच्या हातात कसं आलं, त्या वर्षी तिच्यापुढे आणखी कोणती संकटं होती, यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

सहायक पात्राला वेळ कमी मिळणारच, हे मलाही समजतं. कथा महाराजांची आहे, विजापूरची नाही. पण या मालिकांत राणीला दुय्यम भूमिका मिळाली की तिच्यासाठी दोनच जागा शिल्लक असतात. एक, ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी राहणारी. दुसरी, पडद्याआडून कारस्थान करणारी. सोयराबाईंचं काय केलं आहे ते बघा. आणि येसूबाई. झी मराठीवरची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०२० च्या फेब्रुवारीत संपली, शंभूराजांच्या बलिदानाशी संपली, ते स्वाभाविकच. पण येसूबाईंच्या आयुष्यातली मोठी परीक्षा तिथून पुढे होती. रायगड, मग मोगलांची कैद, १६८९ पासून १७१९ पर्यंत. तीस वर्षं. त्या तीस वर्षांची मालिका कुणी काढत नाही, कारण त्यात लढाई नाही, नुसतं टिकून राहणं आहे.

तरीही मराठी मुलीला निवड करता येते. एक सोयराबाई वाईट रंगवली, तर तिच्या समोर जिजाऊ आहेत, येसूबाई आहेत, २०२१ मध्ये सोनी मराठीने ताराराणींवर स्वतंत्र मालिका केली. पाच राण्यांमधली एक कपटी असली तर मुलगी म्हणते, ती तशी होती. माझ्या भाचीच्या वाट्याला एकच राणी आली आहे, आणि ती किंचाळते.

तर तिचं नाव खदीजा सुलताना.

बडी बेगम, बडी साहिबा, आपल्या बखरीतली बडी साहेबीण, या सगळ्या तिच्या मानाच्या हाका. ती गोवळकोंड्याची मुलगी. बाप मुहम्मद कुतुबशाह, आई हयात बक्षी बेगम, भाऊ अब्दुल्ला कुतुबशाह. लग्न होऊन विजापूरला आली ती मुहम्मद आदिलशाहाची राणी म्हणून, ज्याची कबर म्हणजे गोल घुमट. शाळेच्या सहलीत आपण सगळे त्या घुमटाखाली जाऊन आपलाच आवाज ऐकून आलो आहोत.

तो मुहम्मद आदिलशाह १६५६ च्या नोव्हेंबरात वारला. गादीवर अली आला, अठरा वर्षांचा. दख्खनचा सुभेदार तेव्हा औरंगजेब होता आणि तो याच संधीची वाट बघत होता. त्याने म्हणायला सुरुवात केली की हा अली मुळात आदिलशाहाचा मुलगाच नाही, गादी बेवारस आहे. खदीजेला स्वतःचं मूल नव्हतं, अलीला तिने वाढवलं होतं. म्हणजे एका बाईच्या मातृत्वावर बोट ठेवून राज्य गिळायचा बेत होता. १६५७ मध्ये मोगलांनी बिदर घेतलं, मग कल्याणीचा किल्ला घेतला. पुढे दिल्लीहून शहाजहानचा हुकूम आला, तह झाला, शहाजहान आजारी पडला, आणि औरंगजेब गादीच्या भांडणासाठी उत्तरेला निघून गेला. विजापूर त्या वेळी वाचलं.

याच्या वर्षभर आधी, १६५६ च्या सुरुवातीला, याच औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला होता. तिथे तहाची बोलणी करायला त्याच्या छावणीत स्वतः गेली होती ती हयात बक्षी बेगम, खदीजेची आई. आधी आई आणि मग मुलगी, दोन वर्षांच्या आत, दोन राज्यांत, एकाच माणसासमोर उभ्या राहिल्या. एखाद्या लेखकाने हे कल्पनेतून लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय. आणि हे इतिहासात तयार पडलेलं असताना आमच्या मालिकांच्या लेखकांना तिच्या हातात देण्यासाठी विड्याच्या तबकाशिवाय काही सापडत नाही.

मला तिची आरती ओवाळायची नाही. हे इथे स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडच्या लेखांना दुसरीच खोड आहे. टीव्हीने काळं केलं की आपण पांढरं करायला धावतो. खान मुहम्मद नावाचा विजापूरचा वजीर १६५७ च्या नोव्हेंबरात मारला गेला, मोगलांना निसटू दिल्याच्या संशयावरून, आणि त्यामागे बडी साहिबा होती असं इतिहासकार मानतात. अफजलखानाबद्दल तर सरळ पुरावा आहे. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने १६५९ च्या डिसेंबरात, म्हणजे प्रतापगडानंतर महिनाभरात, लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की राणीने खानाला दहा हजारांची फौज देऊन धाडलं, पण एवढ्या बळावर शिवाजीपुढे टिकाव लागणार नाही हे ती जाणून होती, म्हणून मैत्रीचं सोंग करण्याचा सल्ला तिनेच खानाला दिला. राजापूर काही विजापूर नव्हे, पण बातमी तिथवर पोचली होती ती अशी.

आता हे पत्र नीट वाचा. त्यात दगा आहे, तो तर आहेच. पण त्यात आणखी काय आहे? शिवाजी महाराजांची ताकद त्या दरबारात कुणी अचूक ओळखली असेल, तर ती या बाईने. मालिकेतली बेगम महाराजांना पहाडातला उंदीर म्हणून हिणवते. पत्रातल्या राणीला पक्कं ठाऊक आहे की दहा हजारांना तो भारी आहे. मला सांगा, यातल्या कुठल्या शत्रूमुळे महाराज मोठे दिसतात? उंदीर म्हणणाऱ्या मूर्ख बाईला हरवण्यात कसला पराक्रम? औरंगजेबाच्या जबड्यातून राज्य नुकतंच सोडवून आणलेली, माणसं पारखणारी, प्रसंगी क्रूर होणारी राणी समोर होती आणि तिचा डाव तिच्यावरच उलटला, असं दाखवा ना. विड्याचा प्रसंग बखरी-पोवाड्यांतून रुजलेला आहे, तो काढा असं मी म्हणत नाही. सभासद बखरीतही बडी साहेबीण वजिरांना बोलावून विचारते. फक्त तबक पुढे करण्याआधी तिला एक मिनिट द्या. त्या मिनिटात तिला नकाशाकडे बघू द्या. उत्तरेला मोगल आहेत, पश्चिमेला घाटमाथ्यावर एक तरुण एकेक किल्ला घेत चालला आहे, मुलाच्या जन्मावर शंका आहे आणि वजीर मेलाय.

तो नकाशा उलगडला तर आणखी एक गोष्ट आपोआप दिसेल, आणि मला वाटतं तीच दाखवायची नसते. ही भांडणं राज्यांची होती. विजापूरला बुडवायला निघालेला औरंगजेब मुसलमान होता. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. कान्होजी जेध्यांना विजापूरचं फर्मान आलं होतं की खानाला सामील व्हा, ते महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. आमच्या या पट्ट्यात कुडाळ-वाडीचे सावंत कधी विजापूरकडे, कधी महाराजांकडे. आणि १६७७ मध्ये महाराज दक्षिण मोहिमेवर निघाले तेव्हा ते ज्या दरबारात सन्मानाने गेले, ज्याच्याशी करार केला, तो गोवळकोंड्याचा कुतुबशाही दरबार होता. खदीजेचं माहेर.

इथे अशा लेखात दौलतखान, दर्यासारंग, इब्राहिमखान यांची यादी द्यायची रीत आहे. मी देत नाही. ती यादी खरी आहे, पण ती देताना आपला सूर दाखला सादर करणाऱ्याचा होतो आणि मला त्याचा कंटाळा आला आहे. शिवाय त्या यादीत एकही बाई नसते.

आणि बाईंचा विषय निघालाच आहे, तर चांदबिबीचं उदाहरण घ्या. तीसुद्धा विजापूरचीच सून. १५९५ मध्ये तिने नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, म्हणून मराठी पुस्तकांनी तिला शूर म्हटलं, मुलींना तिच्या गोष्टी सांगितल्या. ते योग्यच. पण खदीजाही त्याच मोगलांविरुद्ध उभी राहिली होती. दोघींत फरक इतकाच की चांदबिबीच्या समोर शिवाजी महाराज नव्हते. म्हणजे मुसलमान राणी चांगली की वाईट हे ती कशी होती यावर ठरत नाही, गोष्टीत ती कुठल्या पानावर येते यावर ठरतं.

आता आपल्या समाजाकडे वळते. खदीजा सुलताना आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मी मालवणात माझ्या नात्यातल्या सात-आठ शिकल्या-सवरलेल्या माणसांना विचारलं. एकालाही नाही. टीव्हीवरच्या बेगमेला ते ओळखतात आणि चॅनल बदलतात. आमच्याकडे जुन्या बायकांची आठवण काढायची म्हणजे हजरत खदीजा, हजरत फातिमा, आणि एकदम आजची कुणीतरी डॉक्टर झालेली मुलगी. मधले हजार-तेराशे वर्षांचे रकाने कोरे. बाईने कारभार करावा का, यावर आमच्या बैठकांत अजून वाद होतात. वाद करणाऱ्या बुजुर्गांना कुणीतरी सांगायला हवं की विजापूरचा कारभार एका बाईने चालवला आणि तिथल्या मौलवींसकट सगळे तिच्या हुकमात होते. टीव्हीने तिला खलनायिका केलं, आपण तर तिला विसरूनच गेलो. यातलं कुठलं पाप मोठं, मी ठरवू शकत नाही.

आणि तिने मागे ठेवलेली एक वस्तू तर थेट आपल्या भाषेची आहे. १६४९ मध्ये तिच्या सांगण्यावरून कमालखान रुस्तमी या कवीने इब्ने हुसामच्या फारसी काव्यावरून ‘खावरनामा’ दख्खनीत आणला, हजरत अलींच्या शौर्याच्या कथांचं महाकाव्य, सुमारे २४,००० बैतांचं. त्याची चित्रांनी भरलेली हस्तलिखित प्रत आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. फारसी दरबारची भाषा होती, प्रतिष्ठेची होती. राणीने मागितलं ते दख्खनीत. त्याच दख्खनीत, जिच्यात ‘नक्को’ आहे आणि ठासून सांगायला शेवटी मराठीचा ‘च’ लागतो. टीव्हीवरची बेगम मात्र लखनवी उर्दू झाडते. कानाला कळत नाही का रे? ही बाई इथली आहे, दख्खनची आहे, तिला दख्खनीत बोलू द्या. माझ्या भाचीला हिंदी वाक्यं पाठ करायला लावणाऱ्या बाईंना हेच ठाऊक नव्हतं, आणि त्या बापड्यांनी तरी कुठून शिकायचं? मीच नाही शिकवलं.

अली जाणता झाल्यावर खदीजा हजला गेली, डचांच्या जहाजातून. सतराव्या शतकातली डचांची वखार वेंगुर्ल्याला आहे, आज पडकी; तारकर्लीहून गाडीने निघालं की जेवायच्या आधी पोचता येतं. हा सगळा किनारा तेव्हा विजापूरच्या मुलखात होता. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला गेला तो १६६४ मध्ये, त्यानंतर. मी दुसऱ्या दिवशी भाचीला वखार दाखवायला घेऊन गेले. तिला ती फारशी आवडली नाही. भिंतींवर झाडं उगवली आहेत आणि लोकांनी बदाम काढून नावं कोरली आहेत. पण परतताना बसमध्ये ती म्हणाली, "म्हणजे ती समुद्र बघून घाबरली असेल?" विजापूरला कुठे समुद्र. मला हा प्रश्न फार आवडला. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने त्या बाईबद्दल बाई म्हणून विचार केला होता.

मी भावाला म्हटलं, मी शाळेत जाऊन बाईंशी बोलते. तो नको म्हणाला. त्याचं नको म्हणणं मला कळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिकेटच्या सामन्यानंतर घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि मालवणात एका कुटुंबाचं भंगाराचं दुकान पाडलं गेलं, ती गोष्ट इथल्या कुठल्याच मुसलमानाच्या मनातून गेलेली नाही. भावाची होडी किनाऱ्यावर उघडी असते. "शिवाजी महाराजांच्या नाटकाबद्दल आपण काही बोललो असं पसरायला नको, आपा. पोरगी चार वाक्यं बोलेल आणि उतरेल." मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण महाराजांवर प्रेम करायला आम्हाला परवानगी लागत नाही, तर त्यांच्या गोष्टीतल्या एका पात्राबद्दल बाईंना विचारायला का लागावी? तो किल्ला लहानपणापासून आमच्या डोळ्यांसमोर आहे. भाऊ पर्यटकांना त्याची गोष्ट रोज सांगतो आणि तटातल्या महाराजांच्या हाताच्या आणि पायाच्या ठशांपाशी आला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मी गेले शेवटी. बाई तरुण होत्या, कामाच्या ओझ्याने वैतागलेल्या, आणि मनाने चांगल्या. जिजाऊचं काम आता बदलता येणार नाही म्हणाल्या, त्या मुलीच्या आईने नऊवारी शिवायला टाकली होती. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. वेळ बारा मिनिटांचीच होती. मग मी म्हटलं, निदान तिचं नाव तरी घ्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘खदीजा’ला ज कुठला, ते विचारून. हिंदी वाक्यं मराठी करायला मात्र लगेच तयार झाल्या. त्यांनाही ती पोरांकडून पाठ करून घेताना त्रास होत होता.

संमेलनाला मी थांबले. निवेदन करणाऱ्या मुलाने वाचलं, "विजापूरचा दरबार. औरंगजेबापासून राज्य वाचवणाऱ्या राणी खदीजा सुलताना म्हणजेच बडी बेगम प्रवेश करत आहेत." मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. भाची आली. डोक्यावरची ओढणी तिसऱ्या पावलाला घसरली, ती तिने एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने तबक पुढे केलं, त्यामुळे हात उगारायचा राहूनच गेला. आवाजही चढला नाही, ओढणीच्या नादात. "या कामाला कोण तयार आहे?" एवढंच ती हळू, खरोखर कुणाला तरी विचारल्यासारखं म्हणाली. उंच मुलाने विडा उचलला.

घरी येताना ती ओढणीवरून आईशी भांडत होती, पिन का लावली नाहीस म्हणून.